जॉर्जियाचा पीच, आपले लिंबू



घरकाम करणाऱ्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. ज्यांच्याकडे त्या स्वयंपाक करतात, त्या घरची मुलगी अमेरिकेत शिकून आल्यापासून दर उन्हाळ्यात 'पीच कॉबलर' करायला लावते. त्यांच्या ओव्हनमध्ये तो छान होतो, चार पाहुणे वाहवा करतात. पुढे त्या लिहितात, "पण माझ्या लेकरांनी तो नुसता नावाने ऐकला आहे. आमच्याकडे ओव्हन नाही. गॅसवर होईल का?"

होईल. कसा होईल ते सांगूच. पण हा पदार्थ मुळात कुठल्या चुलीवरचा हे आधी सांगितले, तर ओव्हन नसल्याचे दडपण आपोआप उतरेल.

कॉबलर म्हणजे खाली साखर घातलेली रसाळ फळे आणि वर मैद्याच्या जाडसर पिठाचे गोळे, असा भाजलेला गोड पदार्थ. १८५९ सालच्या एका अमेरिकन शब्दकोशात त्याची नोंद आहे, आणि तिथे तो जाड पीठ लावलेल्या भांड्यात भाजायचा पदार्थ म्हणून सांगितला आहे. त्या काळी तिकडे चुलाणापाशी बिडाचे जाड भांडे असे. खाली तीन पाय, वर उंच काठाचे झाकण. भांडे निखाऱ्यांवर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे. आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्या बायका धोंडस याच रीतीने करत आल्या आहेत. म्हणजे चकचकीत ओव्हन हा या पदार्थाचा नंतरचा सोबती आहे.

नावाविषयी थोडे. इंग्रजीत कॉबलर म्हणजे जोडे दुरुस्त करणारा कारागीर. पदार्थाला हे नाव का पडले याबद्दल एकमत नाही. वरचे फुगीर गोळे गोटे बसवलेल्या रस्त्यासारखे दिसतात म्हणून, असे काही जण म्हणतात. नाव ऐकून घरात कोणी फिदीफिदी हसले, तर त्याला दुसरी वाटी वाढू नये.

आता पीच. जुन्या मराठीत याला सप्ताळू म्हणत, हिंदीत आडू म्हणतात. फळ मूळचे चीनचे. इराणमार्गे ते युरोपात गेले आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेले. तिथल्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्याला आजही 'पीच राज्य' म्हणतात, जरी सर्वांत जास्त पीच कॅलिफोर्नियात पिकत असले तरी. जॉर्जियाचे नाव झाले ते १८७० नंतरच्या काळात. मार्शलव्हिल गावच्या सॅम्युएल रम्फ या बागायतदाराने एक मोठी, पिवळ्या गराची, दूरच्या प्रवासात टिकणारी जात काढली आणि तिला आपल्या पत्नीचे 'एल्बर्टा' हे नाव दिले. बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून ही फळे उत्तरेकडच्या शहरांत जाऊ लागली. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, पण त्या बागांत फळे तोडण्याचे काम पुढेही मोठ्या प्रमाणावर काळ्या मजुरांनीच केले. बागायतदाराच्या पत्नीचे नाव फळाला लागले. उन्हात फळे तोडणाऱ्या बायांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

स्वयंपाकघरातही तेच. दक्षिणेकडच्या बड्या घरांत ज्या पदार्थांची वाहवा होई, ते रांधणारे हात बहुधा काळ्या बायकांचे असत आणि कौतुक मालकिणीचे होई. म्हणूनच मलिंडा रसेल हे नाव आम्हाला मोलाचे वाटते. टेनेसी राज्यातली ही काळी बाई जन्माने गुलाम नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ती आफ्रिकेतल्या लायबेरियाला जायला निघाली, पण वाटेत बरोबरच्याच कुणीतरी तिचे पैसे चोरले आणि तिला व्हर्जिनियात राहून स्वयंपाकाचे काम धरावे लागले. लग्न झाले, चार वर्षांत नवरा वारला. पदरी मुलगा, तोही अपंग. तिने धुणी धुतली, तीन वर्षे खानावळवजा वसतिगृह चालवले, मग सुमारे सहा वर्षे केक-पेस्ट्रीचे दुकान चालवले आणि काटकसर करून चार पैसे गाठीला बांधले. १८६४ च्या जानेवारीत, यादवी युद्धाच्या धामधुमीत, सशस्त्र टोळीने तेही लुटले. मुलाला घेऊन ती दूर मिशिगन राज्यात गेली.

तिथे तिने काय करावे? आपल्याला येणारे पदार्थ कागदावर उतरवले आणि १८६६ साली पॉ पॉ नावाच्या छोट्या गावात एकोणचाळीस पानांची पुस्तिका छापली. विक्रीतून गावी परतण्यापुरते पैसे मिळावेत, हा हेतू तिने स्वतःच त्यात लिहून ठेवला आहे. फॅनी स्टुअर्ड नावाच्या काळ्या स्वयंपाकिणीकडून आपण शिकलो, हेही तिने आवर्जून लिहिले. गुरूचे नाव असे छापून ठेवणे आम्हाला फार आवडले. काळ्या अमेरिकन बाईने लिहिलेले हे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने पाककृतींचे पुस्तक. त्याआधी तो मान १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत छापलेल्या ॲबी फिशरच्या पुस्तकाकडे होता. ॲबी गुलामगिरीत जन्मली, तिला लिहितावाचता येत नव्हते. तिने तोंडी सांगितले आणि दुसऱ्यांनी लिहून घेतले. मलिंडाची पुस्तिका अभ्यासकांच्या हाती आली तीच मुळी २००० च्या सुमारास, आणि २००७ साली ती जशीच्या तशी पुन्हा छापली गेली. म्हणून, भगिनींनो, तुम्हाला जे येते ते वहीत लिहा आणि खाली स्वतःचे नाव घाला. दुसऱ्याच्या घरी शिकलेले असले तरी.

आता आपल्या गॅसकडे वळू.

आपल्याकडे पीच हिमाचल आणि उत्तराखंडातून येतात, साधारण मे अखेर ते जुलै. हिमाचलात 'जुलै एल्बर्टा' नावाची जात लावतात, म्हणजे जॉर्जियातले ते नाव डोंगरात येऊन पोचले आहे. पाच-सहा माणसांना एक किलो फळे घ्यावीत. बाजारातली फळे बरेचदा कडक असतात, ती कागदात गुंडाळून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवावीत. देठाशी वास आला की झाले. भाव परवडत नसेल तर निम्मे पीच, निम्मी नासपती घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

पाणी खळखळून उकळावे, फळे त्यात अर्धा-एक मिनिट सोडून लगेच गार पाण्यात टाकावीत. साल हाताने सुटते. जाड फोडी कराव्यात.

इथे लिंबाचे काम सुरू होते. अमेरिकेत बऱ्याच घरी यात संत्र्याचा रस आणि साल घालतात. जॉर्जियाला लागूनच फ्लोरिडा आहे आणि तिथे संत्र्यांच्या बागाच बागा. आपल्याकडे नागपूरची संत्री असली तरी पिचाच्या दिवसांत ती संपलेली असतात. मोसंबी तेव्हा मिळते, पण तिचा रस शिजवला की कडवटपणा येतो आणि मुळात आंबटपणाही बेताचा. तेव्हा साधे कागदी लिंबूच घ्यावे. साल आधी किसावी, रस नंतर पिळावा. पिळलेल्या लिंबाची साल किसणे हा डोक्याला ताप. किसताना फक्त वरचा रंगीत भाग घ्यावा, सुगंधी तेल त्यातच असते. खालचा पांढरा भाग कडू. रसामुळे चिरलेल्या फोडी काळ्या पडत नाहीत आणि गोडीला धार येते. फळे आधीच आंबट निघाली तर रस अर्धाच घालावा, साल मात्र पूर्ण. दालचिनी आणि जायफळ यांचा मारा करणाऱ्या कृती आम्हाला पसंत नाहीत, त्यात पीच हरवतो. चिमूटभर दालचिनी पुरे.

फोडींत अर्धी वाटी साखर, एका लिंबाची किसलेली साल, एक सपाट मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि किंचित मीठ घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाच-सात मिनिटे शिजवावे. रस सुटून जरा दाट झाला की उतरवून लिंबाचा रस घालावा. ॲल्युमिनियमचे भांडे या कामाला नको. आंबटामुळे धातूची चव उतरते. फळे आधी शिजवणे ओव्हनवाल्यांना ऐच्छिक आहे, आपल्याला आवश्यक. गरम फळांवर पीठ पडले तरच ते खालून शिजते, नाहीतर वर पाव आणि खाली चिकट गोळा असा प्रकार होतो.

वरच्या पिठासाठी दीड वाटी मैदा, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि तीन मोठे चमचे साखर एकत्र चाळावी. शंभर ग्रॅमच्या लोण्याचा पाऊण भाग, थंड असतानाच, बोटांच्या टोकांनी त्यात चोळावा. जाड रव्यासारखे दिसले की थांबावे. लोणी बिनमिठाचे असेल तर चिमूटभर मीठ. मग अर्धी वाटी थंड दूध, लागेल तसे, घालून चमच्याने जेमतेम एकत्र करावे. हे पीठ पोळीसारखे मळायचे नाही. ज्यांचा हात मळण्यात पटाईत आहे त्यांचाच कॉबलर दगड होतो.

जाड बुडाच्या मोठ्या कढईत बोटभर मिठाचा थर द्यावा, त्यावर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. प्रेशर कुकर असा कोरडा तापवून खराब करण्यापेक्षा जुनी कढई बरी. स्टीलच्या पसरट डब्यात गरम फळे ओतून वर चमच्याने पिठाचे गोळे सोडावेत, मधे थोड्या फटी ठेवाव्यात, म्हणजे वाफ निघते. डबा वरून दोन बोटे रिकामा असावा. मध्यम आचेवर पाऊण तासाने गोळ्यात काडी घालून पाहावी. कोरडी आली की झाले, नाहीतर आणखी दहा मिनिटे.

वरचा रंग फिकाच राहील. तांबूस हवा असेल तर लोखंडी तवा कडक तापवून, सांडशीने धरून, कढईवर झाकणाच्या जागी पाच-सात मिनिटे ठेवावा. चूल असेल त्यांनी लोखंडी झाकणावर निखारेच ठेवावेत, मूळ रीत तीच. दिवाळीची नानकटाई भाजून देणारी बेकरी ओळखीची असेल, तर तिथे डबा नेला तरी हरकत नाही, पण पिठाचे गोळे तिथे पोचल्यावरच सोडावेत. कढईतले मीठ गार करून बरणीत भरावे, पुढच्या वेळी भाजायला तेच चालते.

उतरवल्यावर वीस मिनिटे हात लावू नये. रस तेवढ्यात दाटतो, आणि गरम साखरेने पोरांची जीभ पोळते ते वेगळेच. तिकडे सोबत आइस्क्रीम देतात, आपल्याला घट्ट गार साय चालेल. उरला तर सकाळी चहाबरोबर खावा. घरी फ्रीज नसेल तर पावसाळी हवेत तो दुपारपर्यंत ठेवू नये.