जुन्या हायब्रिडची बॅटरी आणि गाडीची उरलेली वर्षे

ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने वर्षानुवर्षे चालत आली आहेत. क्लचप्लेट असो, ब्रेकलायनर असो वा एखादा दुर्मीळ नट, विचारावे आणि मिळावे, अशी या भागाची ख्याती. तेथेच हायब्रिड गाडीच्या मोठ्या बॅटरीची चौकशी केली, तर तयार माल समोर येईल अशी अपेक्षा धरू नये. याचे कारण दुकानदाराच्या अनास्थेत नाही, ते बाजाराच्या गणितात आहे.

भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ साली आली. किंमत साडेएकवीस लाखांच्या घरात. खप न झाल्याने त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने ती सुमारे आठ लाखांनी उतरवली आणि त्या सवलतीत काही गाड्या व्यापारी घरांत आल्या. सौदा साधला, असेच त्या वेळी वाटले असणार. बॅटरीचा हिशेब कोणी मांडला नव्हता. २०१० मध्ये टोयोटाची प्रियस परदेशातून तयार होऊन आली आणि २०१३ मध्ये बिडदीच्या कारखान्यात जुळवलेली कॅमरी हायब्रिड. या सर्व गाड्या मुळात मोजक्याच विकल्या गेल्या. जेथे गाड्या थोड्या, तेथे अपघातात मोडलेल्या गाड्याही थोड्या. मग त्यांतून निघणाऱ्या बॅटऱ्या आणि त्या दुरुस्त करणारे कारागीर कोठून असणार? जपान-अमेरिकेत हायब्रिड गाड्या लाखोंनी खपल्या, म्हणून तेथे दुरुस्त केलेल्या बॅटऱ्यांचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. आपल्याकडे तो उभा राहण्याइतका मालच नव्हता. (२०१५ नंतरच्या मारुती सियाझसारख्या सौम्य हायब्रिड गाड्यांचा प्रश्न वेगळा व पुष्कळ हलका आहे; हे विवेचन त्यांच्यासाठी नाही.)

तेव्हा गिरगावात पेढी आणि परळला घर असलेल्या एखाद्या कुटुंबाची २०१० सालची प्रियस एके सकाळी लाल त्रिकोण दाखवून उभी राहिली, की घरात दोन मते पडतात. थोरले म्हणतात, गाडी उत्तम आहे, बॅटरी घालू. धाकटे म्हणतात, बॅटरीच्या पैशांत दुसरी गाडी येईल, ही भंगारात द्या. दोघांचेही म्हणणे घाईचे आहे. बंद नेमके काय पडले आहे, हे अजून कोणी पाहिलेलेच नाही.

हायब्रिड गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, शेदोनशे व्होल्टची. दुसरी नेहमीची, बारा व्होल्टची. प्रियसमध्ये ही छोटी बॅटरी मागे सामानाच्या कप्प्यात असते आणि ती क्षीण झाली तरी गाडी जागी होत नाही, निरनिराळे दिवे लागतात, मोठीच बॅटरी गेली असा भास होतो. छोटी बॅटरी तुलनेने अल्प खर्चात बदलता येते. मात्र ती गाडीच्या आतल्या भागात असल्याने त्या जागेसाठी नेमलेल्या बंद प्रकारचीच घालावी, साधी पाण्याची नव्हे. मोठ्या खर्चाचा विचार मनात आणण्यापूर्वी ही तपासणी झालीच पाहिजे.

दोष मोठ्या बॅटरीचाच निघाला, तरी ती सगळी एकदम मरत नाही. प्रियसच्या बॅटरीत २८ मॉड्यूल असतात, प्रत्येकात सहा सेल, मिळून २०१.६ व्होल्ट. कॅमरीत अशी ३४ मॉड्यूल, २४४.८ व्होल्टची. सिव्हिकमध्ये १३२ सेल, १५८.४ व्होल्ट. रसायन तिन्हींत निकेल-मेटल हायड्राइडचे. ही मॉड्यूल साखळीसारखी एकापुढे एक जोडलेली असल्याने एक दुबळे झाले की सगळ्या साखळीचे बळ त्याच्यापुरते उरते. कधी तर मॉड्यूलही शाबूत असते. जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढलेला असतो, आणि मुंबईच्या दमट हवेत त्याचे नवल नाही. पट्ट्या साफ करणे वा बदलणे हे काम बॅटरीच्या तुलनेत किरकोळ होय.

आणखी एक गोष्ट व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. मोठी बॅटरी थंड राहते ती गाडीच्या आतील हवेने. ही हवा खेचणारी जाळी प्रियसमध्ये मागच्या सीटच्या कडेला असते. त्या सीटवर कापडाचे नमुने, खोकी, बॅगा रचल्या की जाळी झाकली जाते आणि बॅटरी तापत राहते. जाळीमागचा पंखा धुळीने भरला तरी तेच. पंखा साफ न करता नवी बॅटरी बसवून घेणे म्हणजे गळक्या छपराखाली नवा माल उतरवून घेणे. गाडीच्या संगणकाला यंत्र जोडून प्रत्येक भागाचे व्होल्टेज, बॅटरीचे तापमान आणि दोषाचे क्रमांक यांचा छापील अहवाल मागावा. असा अहवाल देण्यास जो गॅरेजवाला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

यानंतर मार्ग तीन उरतात. दुबळी मॉड्यूल बदलणे सर्वांत स्वस्त. परंतु जुन्या २७ मध्ये एक सशक्त घातले, म्हणून उरलेली २७ तरुण होत नाहीत. काही महिन्यांनी त्यांतले दुसरे बसते, मग तिसरे, आणि प्रत्येक वेळी मजुरी नवी. दुसऱ्या गाडीतून काढलेली बॅटरी घेणे हा दुसरा मार्ग. येथे ‘कमी चाललेली आहे’ या बोलण्याला भुलू नये. ही बॅटरी वापराने झिजते तशी वयानेही झिजते, आणि गोदामात महिनोन्‌महिने चार्जविना पडून राहिली तर अधिकच. तिची निर्मितीची तारीख पाहावी. तिसरा मार्ग कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून चॅसिस क्रमांकावर नवी मागवण्याचा. तो महाग खरा, पण दर लेखी घ्यावा; ऐकीव आकड्यावरून गाडीचा निकाल लावू नये. लिथियमचे बदली संचही परदेशात विकले जातात. मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घालते. पुढे विम्याचा दावा उभा राहिला, तर हा संच कोणत्या परवानगीने बसवला, हे विचारले जाईल, याचे भान ठेवूनच त्या वाटेला जावे.

निवड करताना बहुतेक जण बॅटरीच्या किमतीची तुलना गाडीच्या आजच्या किमतीशी करतात. ती तुलना दिशाभूल करणारी आहे. गाडी पेढीच्या नावावर असेल आणि दरसाल १५ टक्के घसारा काढला असेल, तर २० लाखांची गाडी पंधरा वर्षांनी खतावणीत सुमारे पावणेदोन लाखांवर येते. त्या आकड्यापुढे कोणतीही दुरुस्ती उधळपट्टीच दिसेल. बॅटरीची किंमत विभागायची असते ती गाडी प्रत्यक्ष वापरली जाईल त्या वर्षांनी. आणि ही वर्षे ठरवण्यात कागदपत्रांचा मोठा वाटा असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क वाढले आहे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. गिरगावपासून दादरपर्यंतच्या एमएच-०१ च्या गाड्यांना त्यासाठी ताडदेवला जावे लागते.

केवळ हिशेबाची रीत दिसावी म्हणून आकडे कल्पू. नवी बॅटरी तीन लाखांची, आणि नूतनीकरण करून गाडी पाच वर्षे ठेवायची आहे : वर्षाला ६० हजार. जुनी बॅटरी एक लाख वीस हजारांची, दीड वर्ष टिकणारी : वर्षाला ८० हजार, आणि रस्त्यात अडकण्याचा त्रास वेगळा. येथे महाग तीच स्वस्त. पण नोंदणीला एकच वर्ष उरले असेल आणि नूतनीकरण करायचेच नसेल, तर नवीचे तीन लाख त्या एका वर्षावर पडतात. तेव्हा जुनी घेणे किंवा केवळ मॉड्यूल बदलणे हाच शहाणपणा. म्हणून बॅटरीची ऑर्डर देण्यापूर्वी नोंदणी वाढवायची की नाही हे ठरवावे, आणि वाढवायची असेल तर पत्रा, सस्पेन्शन, इन्व्हर्टर यांचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी. तळाचा पत्रा सडलेल्या गाडीत नवी बॅटरी घालून पाच वर्षे मिळत नाहीत.

सिव्हिकच्या मालकाला या निर्णयासाठी थोडा अवधी मिळतो, कारण तिच्यात नेहमीचा स्टार्टरही असतो. मोठी बॅटरी खचली तरी गाडी बहुधा इंजिनावर चालते, जोर मात्र कमी पडतो. प्रियस आणि कॅमरीत इंजिन सुरू करण्याचे कामच मोठी बॅटरी करते, त्यामुळे तेथे गाडी जागेवरच राहते.

बिलाविषयी दोन शब्द. घासाघीस करताना ‘जीएसटी परत मिळेलच’ असे गृहीत धरू नये. सामान्य प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवरील करजमा कलम १७(५) खाली बहुतांश व्यापाऱ्यांना अडवलेली आहे. विमाही झीज वा विजेच्या बिघाडाची भरपाई देत नाही. तरीही पक्के बिलच घ्यावे, त्यावर बॅटरीचा अनुक्रमांक आणि हमीचा काळ लिहून घ्यावा. वीस-पंचवीस हजार वाचवण्यासाठी चिठ्ठीवर घेतलेली हमी सहा महिन्यांनी कोणी ओळखत नाही.

घरच्या तंत्रप्रेमी मुलांना मात्र या कामापासून निक्षून दूर ठेवावे. लॅमिंग्टन रोडवर मीटर आणि चार्जर मिळतात, चित्रफिती पाहून धीरही येतो. पण दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह प्राणघातक आहे. नारिंगी वेष्टनाच्या तारा धोक्याची खूण म्हणूनच नारिंगी असतात. जाणता तंत्रज्ञसुद्धा सुरक्षा प्लग काढल्यावर इन्व्हर्टरमधील साठा उतरण्यासाठी किमान दहा मिनिटे थांबतो आणि विद्युतरोधक हातमोज्यांशिवाय झाकण उघडत नाही.

पावसाळ्याचेही पाहावे. हिंदमाता परिसरातील तुंबणारे पाणी दादर-परळकरांना सांगायला नको. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली त्यासाठी साठवण टाक्या बांधल्या आहेत. हायब्रिडची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे, खाली बसवलेली असते. पाणी गाडीच्या आत चढले, तर नवी काय नि जुनी काय, दोन्ही सारख्याच जातात. तळघरात गाडी ठेवणाऱ्या नव्या इमारतींतील रहिवाशांनी मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी ती उंचावर हलवावी.

काढलेली बॅटरी गॅरेजमध्ये फुकट सोडून येऊ नये. तिच्यात निकेल असते आणि त्याला भंगारातही भाव आहे. तो नव्या बिलातून वजा करून मागावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन वा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच सोपवण्याची जबाबदारी ग्राहकावरही आहे. ती कोणाकडे दिली, त्याची पावती नव्या बॅटरीच्या बिलालाच टाचून ठेवावी.