फाइल गेली नव्हती हो!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री फर्स्ट इयरची एक मुलगी रडवेली होऊन रूमवर आली. "ताई, माझी फाइल गेली." कॉमन रूमच्या पीसीवर तिचा वर्डमधला रिपोर्ट डबल-क्लिक केला की नोटपॅड उघडायचं आणि पानभर चित्रविचित्र चिन्हं! एकीने सांगितलं व्हायरस, दुसरीने सांगितलं फॉरमॅट मार. बिचारीने सगळं पहिल्यापासून टाइप करायला घेतलं होतं, चार पानं झालीसुद्धा होती.

मी त्या कचऱ्याकडे बघितलं. सुरुवातीलाच 'पी' आणि 'के'. म्हणजे फाइल ठणठणीत! .डॉकएक्स ही आतून झिप फाइल असते, आणि ही दोन अक्षरं झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. कुणीतरी 'ओपन विथ'मध्ये नोटपॅड निवडून 'ऑलवेज' दाबलं होतं, एवढंच. राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर अ‍ॅप, वर्ड, ऑलवेज. अर्धा मिनिट. नशीब, तिने नोटपॅडमध्ये सेव्ह दाबलं नाही, नाहीतर फाइल खरंच गेली असती.

आता माझा मुद्दा. डिफॉल्ट ही काही फालतू गोष्ट नाही. सफारीत गुगल सर्च डिफॉल्ट राहावं म्हणून गुगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या कोर्टात बाहेर आलं. का दिले? कारण आपण सेटिंग बदलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे! २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा ब्राउझर बदलायचा तर .एचटीएमएल वेगळं, एचटीटीपी वेगळं, असं एकेक बदलत बसावं लागायचं. लोकांनी बोंब मारली तेव्हा कुठे २०२२ मध्ये एका बटणाची सोय झाली.

बरं, विंडोजमध्ये ही निवड प्रत्येक लॉगिनची वेगळी असते. आणि आपल्याकडे? अख्ख्या हॉस्टेलला एकच लॉगिन! एकीने 'ऑलवेज' दाबलं की शंभर जणींच्या फाइली 'जातात'. म्हणून स्टाफला विनंती, आम्हाला वेगवेगळे लॉगिन द्या. ते जमेपर्यंत फाइलच्या नावापुढचं एक्स्टेन्शन तरी दिसेल असं ठेवा, ते डिफॉल्टने लपवलेलं असतं. आणि फर्स्ट इयरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला हे दहा मिनिटं शिकवा. सी प्रोग्रॅमिंग कुठे पळून जात नाही.

मी केलेलं सेटिंग दोनच दिवसांत कुणीतरी परत बिघडवलं. ती मुलगी आता स्वतःच दुरुस्त करते. मला सांगायलासुद्धा येत नाही.