शाळेच्या डोक्यावर पत्राच का?

आमच्या कुडाळकडे हल्ली शाळा बांधायची ती स्लॅबची. वैशाखात तो तापतो, आषाढात गळतो. मग त्यावर पत्रे चढतात. म्हणजे एका इमारतीला दोन छपरांचा खर्च, आणि याला म्हणायचे सुधारणा!

गच्चीवर बाग करा म्हटले, की कमिटीवाले हसतात, “मास्तरांनू, ह्या पावसात बाग टिकतली काय?”

का नाही टिकणार? मुंबईत म्हातारीचा बूट पाहायला गेलेल्यांनी समोरची फिरोजशहा मेहता बाग पाहिली असेलच. ती १८८० च्या सुमारास पाण्याच्या टाकीच्या छतावर लावलेली आहे. तिथे काय पाऊस पडत नाही?

मात्र जुन्या स्लॅबवर माती लोटणे हा शुद्ध अविचार. चार इंच ओली माती चौरस फुटाला १६-१७ किलो भरते. ते ओझे नकाशातच धरावे. मातीखाली पाणी व मुळे अडवणारे थर, निचऱ्याला खडी आणि पुरेसा उतार द्यावा.

ज्या कोकणात दुधीचा वेल न बोलावता छपरावर चढतो, तिथे आपल्याच मुलांच्या डोक्यावर पत्रा हवा, हा हट्ट कोणाच्या हिताचा?