‘असेंब्ली फ्री’चं स्टिकर मी का काढलं

तीन वर्षं माझ्या दुकानाच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरात लिहिलेलं होतं, ‘असेंब्ली फ्री’. 2018 च्या मे महिन्यात ते स्टिकर मी ब्लेडने खरवडून काढलं. मागच्या व्हिडिओत हे जाता जाता बोललो होतो, वेळ नव्हता. इथे नीट सांगतो, कारण तुमच्यातले काही जण आत्ता तेच स्टिकर छापायला टाकायच्या बेतात असतील.

सांगलीत लग्नपत्रिका छापणारे एक काका माझ्याकडे आले. जुनं मशीन रडत होतं आणि लग्नसराई तोंडावर. मी त्यांना रायझन 5 2400जी सुचवला. फेब्रुवारीत नुकताच बाजारात आला होता, ग्राफिक्स आतच असल्यामुळे वेगळं कार्ड लागणार नव्हतं. सोबत बी350 चिपसेटचा मदरबोर्ड, डिस्ट्रिब्युटरकडे जुना स्टॉक होता म्हणून स्वस्तात मिळालेला. सगळं मिळून मला 1,800 रुपये सुटणार होते. जोडलं, बटण दाबलं. पंखे फिरले, लाइट लागली, स्क्रीन काळी.

आता मी काय केलं ते ऐका. रॅम काढून परत घातली. काळीच. ‘बोर्ड डेड आहे’ असं ठरवून मोकळा झालो आणि बोर्ड परत पाठवला. आठ दिवसांनी दुसरा आला, तोही तसाच. मग निकाल दिला की प्रोसेसर खराब. कूलरचे चार स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला. ज्यांनी एएम4 वर काम केलंय त्यांना पुढचं कळलं असेल. पेस्ट इतकी घट्ट धरते की सॉकेट लॉक असूनसुद्धा प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो. तसाच आला. खालच्या पिना वाकल्या, सरळ करायला गेलो तर एक तुटली. फिजिकल डॅमेजला वॉरंटी नसते हे मला माहीत होतंच. साधारण 14 हजारांचा प्रोसेसर गेला. (कूलर आधी हलक्या हाताने डावीकडे उजवीकडे फिरवून पेस्ट सोडवायची आणि मगच उचलायचा. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर 14 हजार वाचले असते.)

काका रोज दुपारी यायचे. ओरडले नाहीत. फक्त म्हणायचे, “अरे, मुहूर्त निघून चाललेत रे.” त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी रात्रीची महालक्ष्मी पकडली आणि बोर्ड पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला गेलो. नवा प्रोसेसर विकत घेतला. दुकानदाराने माझ्या बोर्डाचा खोका हातात घेतला, चारी बाजूंनी बघितला आणि विचारलं, “बायोस अपडेट केलंय का?” मी गप्प. 2000 सिरीज चालणाऱ्या बोर्डांच्या खोक्यावर ‘रायझन डेस्कटॉप 2000 रेडी’ असा शिक्का असायचा. माझ्या खोक्यावर नव्हता. त्याने पहिल्या पिढीचा रायझन बसवला, एक जुनं ग्राफिक्स कार्ड लावलं, पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट केलं आणि मग माझा प्रोसेसर घातला. डिस्प्ले आला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पहिला बोर्ड चांगला होता. दुसरा चांगला होता. प्रोसेसरही चांगला होता, माझ्या हातात येईपर्यंत.

पुढे समजलं की हा घोळ इतक्या ठिकाणी झाला होता की एएमडीने स्वतः बायोस अपडेट करण्यापुरता दुसरा प्रोसेसर उसना द्यायची सोय केली होती. म्हणजे माहिती उपलब्ध होती. मी शोधली नाही. का नाही शोधली, हा माझ्या मते खरा धंद्याचा प्रश्न आहे.

कारण असेंब्ली फ्री होती. ज्या कामाचे पैसे घेत नाही ते काम माणूस उरकतो. तीन तास शांत बसून एकेक गोष्ट तपासायचे मला कुणी देणार नव्हतं, म्हणून मी अंदाज बांधत गेलो आणि प्रत्येक अंदाज आधीच्यापेक्षा महाग पडला. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी काढला होता. पण स्वतःच्या वेळेची किंमत शून्य धरून कोटेशन काढताना तो पेपर आठवला नाही.

पार्टवरचं मार्जिन आता राहिलेलं नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाइलवर तोच भाव दाखवतं, आणि दाखवावाच. मग आपण नक्की काय विकतो? बटण दाबल्यावर मशीन सुरू होईल आणि नाही झालं तर का नाही हे शोधून देऊ, एवढंच. तेच फुकट दिलं तर दुकानात विकायला उरतं काय?

आता मी कसं तपासतो ते. नवं जोडलेलं मशीन सुरू होत नसेल तर पहिला संशय स्वतःच्या हातावर घ्यायचा. पार्ट खराब निघतो, नाही असं नाही, पण माझ्या टेबलावर दहातली बहुतेक मशीन जोडणीतल्या चुकीने अडलेली असतात. बटण दाबून काहीच होत नसेल तर भिंतीचं बटण, एसएमपीएसच्या मागचा स्विच, 24 पिनचा कनेक्टर शेवटपर्यंत बसलाय का, आणि कॅबिनेटच्या पॉवर बटणाच्या दोन बारीक वायरी योग्य पिनांवर आहेत का. त्या वायरी काढून, त्याच दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि मशीन चालू झालं, तर दोष बटणाचा. हसू नका, एसएमपीएसचा मागचा स्विच बंद ठेवून अर्धा तास डोकं धरून बसलेला मी पाहिलाय. आरशात.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, हा प्रकार जास्त फसवतो. प्रोसेसरजवळची 4+4 पिनची वायर राहून जाते. ग्राफिक्स कार्ड लावलेलं असताना मॉनिटरची केबल बोर्डाला जोडली जाते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, बोर्डाच्या एचडीएमआयमधून काही येणार नाही. रायझन 5 5600 चंही तेच, 5600जीमध्ये ग्राफिक्स आहे. एका अक्षराचा फरक, पण गिऱ्हाईकाला कार्ड नको असताना बिना जीचा प्रोसेसर विकलात तर चूक गिऱ्हाईकाची नाही. मग एकच रॅम ठेवायची, चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये, क्लिकचा आवाज येईपर्यंत दाबून. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक एलईडी असतात. जो लागून राहील तिथे गाडी अडलीय. एलईडी नसतील तर छोटा बीप स्पीकर लावा, अगदी किरकोळ पैशात मिळतो. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर बोर्डाखाली एखादा जादा स्टँडऑफ राहून शॉर्ट होतंय का बघा.

आणि थांबायला शिका. एएम5 चा बोर्ड डीडीआर5 रॅमसोबत पहिल्यांदा सुरू होताना रॅमचं ट्रेनिंग करतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, रॅम जास्त असेल तर आणखी वेळ. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने घाबरून चार वेळा मशीन बंद केलं आणि चारही वेळा ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू झालं. पाचव्यांदा मी त्याला चहा आणायला पाठवला. परत आला तर बायोसची स्क्रीन समोर.

बायोसचा घोळही संपलेला नाही. 600 सिरीजच्या बोर्डाचा जुना स्टॉक आणि रायझन 9000 सिरीज, 2018 चीच गोष्ट पुन्हा. आता निदान बऱ्याच बोर्डांना प्रोसेसर न लावता बायोस अपडेट करायचं बटण असतं. ऑर्डर देतानाच बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी उघडा.

या सगळ्याला जागा आणि सामान लागतं. कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएसवर मी डिस्प्ले आणतो, मगच आत घालतो. एक खात्रीचा एसएमपीएस, डीडीआर4 आणि डीडीआर5 ची एकेक रॅम आणि एक जुनं ग्राफिक्स कार्ड दुकानात कायम असतं. ते विकायचं नाही, कितीही मागितलं तरी. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल मात्र एकाच्या दुसऱ्याला लावू नका. कनेक्टर सारखा दिसतो, आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग जे जळतं ते गिऱ्हाईकाचं असतं.

म्हणून माझ्या कोटेशनमध्ये आज वेगळी ओळ असते, ‘असेंब्ली आणि टेस्टिंग, 1,200 रुपये’. ऑनलाइन पार्ट घेऊन घरी जोडलेलं, सुरू न होणारं मशीन कुणी आणलं तर तपासणीचे 500, दोष सापडो न सापडो. हात लावण्याआधी गिऱ्हाईकासमोर सॉकेटचा फोटो काढतो. पिना आधीच वाकलेल्या असतील तर दोघांनाही तेव्हाच दिसतात, नंतर भांडण नको.

तुम्ही म्हणाल, शेजारचा फ्री देतो, मग माझ्याकडे कोण येईल? काही येणार नाहीत. माझेही जातात, खोटं कशाला सांगू. नवीन दुकान असेल तर 1,200 ऐवजी 400 लावा, वाटल्यास पार्टवर तेवढी सूट द्या, पण ती ओळ आणि तो आकडा बिलावर दिसू द्या. उद्या 400 चे 800 करता येतात. शून्याचे 400 करायला गेलात की गिऱ्हाईकाला फसवल्यासारखं वाटतं. मला स्टिकर काढल्यावर दोन महिने हेच ऐकावं लागलं.

काकांना मी तेव्हा काय सांगितलं, हे राहिलंच. “बोर्ड खराब आला होता,” असं सांगून सुटता आलं असतं, धंद्यात सगळे तेच सांगतात. मी खरं सांगितलं, कारण तीन आठवड्यांनंतर खोटं बोलायचं त्राण नव्हतं. त्यांनी ठरलेले पैसे दिले, एक रुपया कमी नाही, पण पुढचा प्रिंटर दुसरीकडून घेतला. दोन वर्षांनी मुलाच्या क्लासचं मशीन घ्यायला परत आले, कोटेशनवरची ती ओळ वाचली आणि म्हणाले, “हे तेव्हा लावायला हवं होतंस.”

शनिवारच्या व्हिडिओत मी रॅम अर्धवट बसवलेलं आणि 4+4 ची वायर काढलेलं मशीन टेबलावर ठेवणार आहे. व्हिडिओ थांबवून आधी तुम्ही शोधा.