अमात्य

सल्लागारासाठी मराठीत शब्द पुष्कळ, पण 'अमात्य' मला सर्वांत आवडतो. संस्कृतात 'अमा' म्हणजे घरी, सोबत. म्हणून अमात्य म्हणजे मुळात घरातला, सतत जवळ असणारा माणूस. सल्ला अशाच माणसाचा घ्यावा, हे शहाणपण शब्दातच आहे. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी शिवरायांनी फारसी पदनामे बदलली आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. काम जमाखर्चाचे, मान मात्र अष्टप्रधानातला. पुढे राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचे राज्य सांभाळले ते रामचंद्रपंत अमात्यांनी. राज्यनीतीवरचे 'आज्ञापत्र' त्यांच्याच नावावर आहे. शाळेत मुलांकडून अष्टप्रधानांच्या आठ पदांची यादी घोकून घेतली जाते, त्याऐवजी शिक्षकांनी आज्ञापत्राची चार पाने वर्गात वाचून दाखवावीत.