थंड घरे आणि मालकाचा हिशेब

न्यूयॉर्क शहरात 1 ऑक्टोबर ते 31 मे हा 'उष्णतेचा मोसम' कायद्यानेच ठरवून दिलेला आहे. या आठ महिन्यांत दिवसा बाहेरचे तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले, तर भाड्याच्या घरात किमान 68 अंश, म्हणजे 20 अंश सेल्सिअस तापमान राखणे मालकावर बंधनकारक आहे. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ही मर्यादा 62 अंशांची आहे. 1975 पासून घर राहण्यायोग्य ठेवण्याची हमी प्रत्येक भाडेकरारात गृहीत धरली जाते आणि ती मोडल्यास भाडेकरूला भाड्यात सूट मागता येते. एवढे सारे असूनही दर हिवाळ्यात बंद बॉयलर आणि गार रेडिएटर यांच्या हजारो तक्रारी महानगरपालिकेकडे येतात, आणि दुरुस्ती होते ती आठवड्यांनंतर, कधी थंडी ओसरल्यावर. कायदा असताना असे का व्हावे, हा भाड्याच्या घरांच्या साऱ्या राजकारणाचा प्रश्न आहे.

जुन्या इमारतींतील रचना पाहिली की उत्तराचा एक भाग उलगडतो. बॉयलर तळघरात, त्याची किल्ली मालकाच्या माणसाकडे, आणि वाफ नळांतून वरच्या मजल्यांवर. खोलीत राहणाऱ्याच्या हाती काहीच नाही. त्याने तक्रार नोंदविली की अधिकारी आधी मालकाला कळवितात, मग निरीक्षक तापमान मोजायला येतो. मधल्या काळात मालक एक दिवस बॉयलर पेटवितो. निरीक्षकाला खोली उबदार आढळते, किंवा भाडेकरू कामावर गेल्यामुळे दाराला कुलूप आढळते, आणि तक्रार निकाली निघते. पुढच्या आठवड्यात रेडिएटर पुन्हा गार. नाइलाजाने कुटुंब विजेचा हीटर लावते किंवा स्वयंपाकाच्या गॅसची भट्टी उघडी ठेवते. उष्णतेचे पैसे भाड्यात एकदा भरलेले असतात. ते विजेच्या बिलात दुसऱ्यांदा भरावे लागतात.

काही वेळा याहून जबर किंमत द्यावी लागते. 9 जानेवारी 2022 रोजी ब्राँक्समधील एका 19 मजली इमारतीत एका घरातील विजेच्या हीटरमुळे आग लागली. आपोआप बंद व्हायला हवे होते ते दार उघडे राहिले, धूर जिन्यांतून वर चढला आणि 17 जणांचा बळी गेला. त्यांत आठ मुले होती. इमारतीची उष्णता त्या दिवशी चालू होती, असे सांगण्यात आले. ती पुरेशी नसल्याच्या तक्रारी होत्या, असे रहिवाशांनी सांगितले. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. जे दार मिटले नाही, तेही दुरुस्तीचेच काम होते.

अशा विलंबाला केवळ हलगर्जीपणा म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. या शहरातील सुमारे दहा लाख घरांचे भाडे कायद्याने नियंत्रित आहे. 1997 पासून 2019 पर्यंत असे घर रिकामे झाले की मालकाला नव्या भाडेकरूकडून सुमारे 20 टक्के वाढ घेता येत असे, आणि भाडे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की घर नियंत्रणातूनच मुक्त होई. जुना भाडेकरू टिकला तर तोटा, निघून गेला तर नफा, असा हिशेब कायद्यानेच मांडून दिल्यावर बॉयलर बिघडलेला राहणे हे मालकाच्या सोयीचेच होते. नोटीस न बजावता घर रिकामे करून घेण्याचे काम थंडी करीत होती. 2019 च्या कायद्याने या दोन्ही सवलती रद्द केल्या. पूर्वी न्यायालयात गेलेल्या भाडेकरूला केवळ त्या कारणाने घर नाकारण्यासही त्याच कायद्याने मनाई केली. हे पाऊल भाडेकरूंच्या संघटनांनी रेटा लावल्यामुळे पडले, हे विसरता येणार नाही.

यावर मालकवर्गाचे उत्तर ठरलेले आहे: भाडे बांधून टाकले तर दुरुस्ती कोणत्या पैशातून करायची? नोव्हेंबर 2025 मध्ये नियंत्रित घरांचे भाडे गोठविण्याचे आश्वासन देऊन जोहरान ममदानी हे लोकशाही समाजवादी उमेदवार महापौरपदी निवडून आल्यापासून हा युक्तिवाद अधिकच जोराने होऊ लागला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण मुंबईने तो भोगलेला आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधली. गिरणी कामगार, कारकून, फेरीवाले शहरात तग धरू शकले ते या कायद्यामुळे. परंतु दुरुस्तीची सक्ती तितक्याच कठोरपणे झाली नाही. मालकांनी हात आखडता घेतला, चाळी खचू लागल्या, आणि अखेर 1969 मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. भाडे रोखणारा आणि दुरुस्ती वाऱ्यावर सोडणारा कायदा अर्धाच असतो. उरलेला अर्धा भाग मालक आपल्या बाजूने लिहून घेतो.

मग हा अर्धा भाग पुरा कसा करावयाचा? याचे उत्तर न्यूयॉर्कच्याच इतिहासात आहे. 1963 च्या हिवाळ्यात हार्लेममधील कृष्णवर्णीय भाडेकरूंनी जेसी ग्रे यांच्या नेतृत्वाखाली भाडेबंदी पुकारली. उष्णता नाही, गरम पाणी नाही आणि घरात उंदरांचा सुळसुळाट, अशी त्यांची स्थिती होती. न्यायालयात जाताना त्यांनी मेलेले उंदीर पुरावा म्हणून बरोबर नेले. त्या लढ्याच्या वातावरणातच 1965 मध्ये एक तरतूद आली. उष्णता, पाणी किंवा वीज पाच दिवस बंद असल्यास इमारतीतील एक तृतीयांश भाडेकरू एकत्र येऊन न्यायालयाकडे प्रशासक मागू शकतात. मग भाडे मालकाकडे न जाता प्रशासकाकडे जमा होते आणि त्यातून दुरुस्ती होते. पैसा नाही म्हणणाऱ्या मालकाच्या जमाखर्चाची तपासणी यातून आपोआप घडते. ही तरतूद कासवगतीने वापरली जाते हे खरे. पण भाड्यावर पहिला हक्क मालकाच्या नफ्याचा नसून घराच्या दुरुस्तीचा आहे, हे तत्त्व तिने कायद्यात आणले. लक्षात घेण्यासारखे हे की हा अधिकार एकट्यादुकट्याला नाही.

आपल्याकडे बॉयलरच्या जागी गळके छप्पर आणि खचलेला सज्जा असतो, एवढाच फरक. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याचे 14 वे कलम दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकते. नोटिशीनंतर 15 दिवसांत त्याने काम न केल्यास भाडेकरूंना स्वतः दुरुस्ती करून, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करता येतो. ही नोटीस भाडेकरूंनी संयुक्तपणे देण्याची सोयही त्यात आहे. पावसाळ्यापूर्वी चाळीचाळींतून अशा संयुक्त नोटिशी देणे, तारखांची नोंद ठेवणे आणि एका बिऱ्हाडाची तक्रार सबंध इमारतीची करणे, हे काम पक्षकार्यकर्त्यांना आजही करता येण्याजोगे आहे. भाडेवाढविरोधी मोर्चाइतके ते डोळ्यांत भरणार नाही. परंतु भाडे परवडणारे असावे आणि घर राहण्याजोगे असावे, या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत, हे भाडेकरूला अनुभवातून पटते ते अशाच कामाने.