सगळ्यात मोठा सेनापती कोण? आधी लिहा, मग बोला!



आमच्या बॅचमध्ये मी एक खेळ घेतो. फळ्यावर चार नावं लिहितो: सिकंदर, थोरले बाजीराव, नेपोलियन, वेलिंग्टन. आणि सांगतो, सगळ्यांनी मिळून क्रम लावा.

काय होतं माहितीये? ज्याचा आवाज मोठा, त्याचा सेनापती पहिला! बाकीचे माना डोलावतात.

मग तोच खेळ ‘नॉमिनल ग्रुप टेक्निक’ने घेतो. डेलबेक आणि व्हॅन डे व्हेन या दोघांनी १९७१ मध्ये अमेरिकेत मांडलेली ही पद्धत. अगदी सोपी आहे:

१. प्रत्येकाने गप्प बसून आपले मुद्दे लिहायचे.
२. पाळीपाळीने एकेक मुद्दा सांगायचा. वाद घालायचा नाही. सगळं फळ्यावर.
३. जे कळलं नाही ते विचारायचं.
४. चिठ्ठीवर गुपचूप क्रमांक द्यायचे, मग बेरीज.

खरी गंमत दुसऱ्या पायरीला. तिथे कळतं की प्रत्येकाचा ‘मोठा’ वेगळा आहे! एकाला वेग महत्त्वाचा. तो पालखेड सांगतो: १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाला पळवून, दमवून, कोंडीत पकडून तह करायला लावला. दुसरा म्हणतो, शेवटी जिंकलं कोण? १८१५ ला वॉटर्लूवर नेपोलियन हरला, म्हणून वेलिंग्टन मोठा.

मागच्या बॅचमध्ये शेवटच्या बाकावरच्या एका ताईंनी लिहिलं होतं, “प्रशियाचा ब्लूशर वेळेवर मदतीला आला नसता तर?” सगळे गप्प! पहिल्या खेळात या ताई एक शब्द बोलल्या नव्हत्या.

माझं मत स्पष्ट आहे. बेरीज म्हणजे सत्य नव्हे. सगळ्यांचीच माहिती चुकीची असेल तर बेरीजही चुकणार. पण गप्प माणसाकडची माहिती टेबलावर येते, हाच खरा फायदा.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका दिवाळीला दुकानात कुठला माल भरायचा ते मी एकट्याने ठरवलं. तेव्हा मोठा आवाज माझाच होता. गिऱ्हाईक वेगळंच मागतंय हे काउंटरवरच्या मुलाला माहीत होतं. मी विचारलंच नाही. माल मार्चपर्यंत पडून, पैसा अडकला.

म्हणून आज शटर ओढल्यावर सगळ्यांच्या हातात एकेक कागद द्या. प्रश्न एकच: पुढच्या महिन्यात आधी काय भरायचं? आणि मालकाने सगळ्यात शेवटी बोलायचं!

भेटू पुढच्या व्हिडिओत.